दहा बाय अकराची खोली आणि दोन एअर प्युरिफायर

हे लिहितेय ते अशा घरांसाठी, जिथे कुणाला तरी दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा कायमचा आजार) आहे, खोली लहान आहे, बजेट मोजकं आहे आणि दुकानात ‘एच१३ हेपा’, ‘सीएडीआर’, ‘तीनशे स्क्वेअर फुटांपर्यंत’ असे शब्द कानावर पडले की काय विचारावं तेच सुचत नाही. आम्ही २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या मार्चपर्यंत या सगळ्यातून गेलो. कंपन्यांची नावं देत नाहीये. एकीशी तक्रारीचं प्रकरण झालं, ते मिटलंही, आणि मॉडेलं दर वर्षी बदलतात. नावापेक्षा आकडे कसे वाचायचे ते कळलं की काम होतं. म्हणून एकाला ‘छोटा’ म्हणते, दुसऱ्याला ‘मोठा’. दोन्ही तसे लहान खोलीचेच.

आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीत चालक होते. रिटायर झाल्यापासून त्यांचा खोकला दर हिवाळ्यात वाढतो, पण त्या वर्षी १ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन झाल्यावर जो बसला तो हटेचना. फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवसांत निवला. घरासमोर मात्र सिमेंट रोडचं काम चालू होतं आणि बाबांची खोली नेमकी रस्त्याच्या बाजूला. पहाटे चारला उठून बसायचे, खोकून खोकून डोळे लाल.

१२ नोव्हेंबरला धंतोलीत छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. फुंकायची चाचणी, म्हणजे पीएफटी, झाली. फी आणि चाचणी मिळून १,८०० रुपये. सीओपीडी असल्याचं त्यांनी सांगितलं, पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिला आणि तो ओढायचा कसा हे दोनदा करून दाखवलं. प्युरिफायरचं मीच विचारलं. त्यांचं उत्तर इथे देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यंत्र हे औषध नाही, पंप एक दिवसही चुकवायचा नाही. आधी घरातला धूर बंद करा, मग यंत्राचा विचार करा. आणि घेतलंच तर ओझोन वायू सोडणारं किंवा आयनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग) बंद न करता येणारं घेऊ नका, ओझोनने श्वासनळी आणखी चिडते.

त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस आम्ही काहीच विकत घेतलं नाही. देवघर बाबांच्या खोलीला लागून आहे, तिथली धूप-अगरबत्ती मागच्या अंगणात तुळशीपाशी नेली. मच्छर अगरबत्ती कायमची बंद केली आणि मच्छरदाणी बांधली. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती रस्त्यावरच्या धुरापेक्षा जास्त त्रास देऊ शकते, हे आमच्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली, ८० रुपये. खिडकीच्या चौकटीतल्या भेगा पुटीने बुजवल्या. या सगळ्याला पाचशे रुपयेही लागले नाहीत.

मग आकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं अॅप आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर आणि अंबाझरी इथे स्वयंचलित केंद्रं आहेत. आम्हाला महाल जवळचं. अॅपवर दिसतो तो एक्यूआय, म्हणजे निर्देशांक. प्युरिफायरच्या पडद्यावर दिसतो तो पीएम २.५चा आकडा, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम बारीक धूळ आहे तो. हे दोन वेगळे आहेत. आपल्या पद्धतीत एक्यूआय १०० म्हणजे पीएम २.५ चे ६०, २०० म्हणजे ९० आणि ३०० म्हणजे १२०. शिवाय काही अॅप अमेरिकी पद्धतीचा निर्देशांक दाखवतात, त्यात तीच हवा कितीतरी वाईट दिसते. आपला २४ तासांचा मान्य आकडा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेला १५. आम्ही घरात पंचविसाच्या आत राहायचं ठरवलं. कुठल्या शास्त्रातून नाही, आमच्या खिशाला झेपेल म्हणून.

अॅपवरचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. खिडकी आत्ता उघडू की नको, हे त्यावरून कळत नाही. इथे माझा भाचा कामी आला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्याने लेझरचा धूळ मोजणारा सेन्सर जोडून एक डबी बनवली होती. ती महिनाभर आमच्याकडे ठेवली. असा सेन्सर सरकारी केंद्राइतका अचूक नसतो आणि हवेत दमटपणा वाढला की जास्तच दाखवतो, पण एकाच खोलीत दोन गोष्टींची तुलना करायला पुरतो. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. संध्याकाळी सात ते दहा आणि पहाटे बाहेरचा आकडा सगळ्यात वर. दुपारी एक ते चार निम्म्यापर्यंत खाली. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच साचते, धूर वर जात नाही, म्हणून असं होतं. तेव्हापासून बाबांच्या खोलीच्या खिडक्या दुपारी जेवणानंतर उघडतो आणि चारला बंद करतो. सकाळी उठल्याबरोबर खिडक्या उघडायची आमची वर्षानुवर्षांची सवय होती, ती हिवाळ्यापुरती सोडली.

आता खोलीचा हिशेब. दहा बाय अकरा, उंची दहा फूट, म्हणजे १,१०० घनफूट, साधारण ३१ घनमीटर. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाच्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळली गेली तर चांगलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ३१ गुणिले ५, म्हणजे १५५. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा म्हणजे सीएडीआर. तो निदान १५५ हवा. खोक्यावरच्या ‘स्क्वेअर फुटां’कडे बघूच नका, ते तासाला पाचपेक्षा कमी वेळा हवा गाळण्याच्या हिशेबाने आणि पंखा पूर्ण वेगात धरून लिहिलेले असतात. एच१३चं पण तसंच, ती हेपाची, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरची, एक प्रत. ९९.९५ टक्के कण अडवतो हे खरं, पण फिल्टरमधून जाणाऱ्या हवेतले. खोलीतली हवा फिल्टरपर्यंत पोचलीच नाही तर ते टक्के काय कामाचे?

आम्हाला दोन खोल्यांसाठी यंत्र हवं होतं. मुलगी आठवीत आहे, धुळीने सकाळभर शिंकते, तिची खोली आठ बाय दहा. दोन वेगवेगळी यंत्रं घ्यायची, दोन्ही बाबांच्या खोलीत लावून बघायची, जे बरं ठरेल ते तिथे ठेवायचं, असं ठरलं.

छोटा २४ नोव्हेंबरला सीताबर्डीतल्या दुकानातून आणला. ५,४९० रुपये, १८ टक्के जीएसटी त्यातच. गोल डब्यासारखा, टेबलावर मावणारा, सीएडीआर १२०, खोक्यावर ‘२०० स्क्वेअर फुटांपर्यंत’. दुकानदाराने एक गोष्ट आपणहून दाखवली. तळाचं झाकण फिरवून फिल्टर बाहेर काढला आणि त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी फाडली. “ताई, लोक पिशवीसकट चालवतात सहा-सहा महिने,” म्हणाला. यंत्र घरी आलं की सगळ्यात आधी हे बघा. बिलावर सिरियल नंबर हाताने लिहून घेतला आणि शिक्का मारून घेतला. त्याचं मोल पुढच्या यंत्राच्या वेळी कळलं.

मोठा २७ तारखेला ऑनलाइन मागवला. ९,९९९ रुपये, सीएडीआर २३०, उंची गुडघ्याच्या जरा खाली. २ डिसेंबरला आला. खोकं उघडताना नवऱ्याने व्हिडिओ काढला. यंत्र सुरू केलं, पडद्यावर ८ आकडा. छान वाटलं. पण भाच्याची डबी त्याच वेळी ७० दाखवत होती. काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर यंत्राच्या सेन्सरच्या जाळीपाशी नेला. डबी दीडशेच्या वर गेली, यंत्र ८ वरच. ऑटोवर ठेवलं तर पंखा सगळ्यात हळू फिरत राहायचा, कारण त्याच्या लेखी खोली स्वच्छच होती. ही काडीची चाचणी पहिल्याच दिवशी करा. अर्ध्या मिनिटात आकडा चढलाच पाहिजे.

३ तारखेला परत करायला गेलो तर नियम दिसला: सात दिवसांत फक्त बदली, पैसे परत नाहीत, आणि बदलीसाठी कंपनीच्या तंत्रज्ञाचा दाखला. आम्ही त्याच दिवशी विनंती नोंदवून ठेवली, म्हणजे सात दिवसांची मुदत उलटून गेली असं कुणी म्हणू नये. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन, तक्रार क्रमांक, ‘४८ तासांत माणूस येईल’. तो ६ तारखेला आला. सेन्सरची खिडकी ब्रशने साफ केली, यंत्र बंद-चालू केलं, पुन्हा काडी. आकडा हलला नाही.

“डीओए लागते ताई याला,” तो म्हणाला. डीओए म्हणजे यंत्र आलं तेव्हाच बिघडलेलं होतं असा दाखला. “सर्टिफिकेट सेंटरवरून निघते. बिलावरचा सिरियल नंबर अन् मशीनखालचा, दोन्ही एक पाहिजेत.”

ऑनलाइन बिलावर सिरियल नंबर नव्हताच. दोन दिवस ई-मेलची ये-जा झाली. शेवटी खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो, यंत्राच्या तळाचा फोटो, बिल आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ असं सगळं एका मेलमध्ये पाठवल्यावर ९ डिसेंबरला दाखला आला. १४ला नवं यंत्र आलं, जुनं नेलं. वेगळे पैसे लागले नाहीत, पण रोज संध्याकाळी फोन घेऊन बसणं फार थकवणारं होतं. तिकडे बाबा पहाटे खोकतायत आणि इकडे आपण ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकतोय. त्या दिवसांत मला रडू यायचं बाकी होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लिहून ठेवला होता, गरज पडली नाही. खोकं, थर्माकोल आणि स्टिकर महिनाभर तरी फेकू नका. आणि फोनवर जे ठरतं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.

आता खरी तुलना. दोन्ही यंत्रं बाबांच्या खोलीत आळीपाळीने लावली. दुपारी बाबा बाहेरच्या खोलीत असताना दार-खिडक्या बंद करून अगरबत्ती लावायची, डबी २२० वर गेली की ती विझवून बाहेर न्यायची, यंत्र सुरू करायचं आणि आकडा ५० वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. पूर्ण वेगात छोट्याला जवळपास वीस मिनिटं लागली, मोठ्याला बारा. एवढ्यावर थांबलो असतो तर म्हटलं असतं, आठ मिनिटांसाठी साडेचार हजार कशाला? सीएडीआर १२० आहे, १५५ला थोडाच कमी, चालून जाईल.

पण पूर्ण वेगात छोटा रात्री चालवता येत नाही. त्याचा पंखा लहान, म्हणून तेवढी हवा ओढायला त्याला फार जोरात फिरावं लागतं आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. पहिल्या रात्री अकरा वाजता बाबांनी हाक मारली. “सुनबाई, हे काहून असं किरकिर करते? पंख्याचा आवाज चालते मला, हा नाही चालत.” मग तो झोपेच्या मोडवर टाकला. आवाज गेला, पण कामही गेलं. त्या मोडमध्ये २२० वरून ५० वर यायला चाळीस मिनिटांहून जास्त. बाहेर पहाटे ११०च्या आसपास असताना आत ३५ ते ४०. काहीच यंत्र नसताना ७५ असायचं, म्हणजे फरक होता, पण आम्ही ठरवलेल्या पंचविसाच्या आत नाही.

मोठा झोपेच्या मोडवर तशाच पहाटे २० ते २५ वर ठेवत होता. दुसऱ्या वेगावर टाकला की आणखी खाली, आणि तो आवाज छताच्या पंख्यासारखा जाडसर घुमणारा, ज्याची बाबांना सवय आहे. इथे माझा निर्णय झाला. खोक्यावर सीएडीआर छापलेला असतो तो पूर्ण वेगाचा. आपण रात्री आठ तास चालवणार असतो तो सगळ्यात हळू किंवा दुसऱ्या वेगावर. माणसाला ज्या आवाजात झोप लागते, त्या आवाजात यंत्र जेवढी हवा गाळतं तेवढाच त्याचा खरा सीएडीआर. म्हणून झोपायच्या खोलीसाठी हिशेबात येतो त्याच्या दीडपट-दुप्पट सीएडीआरचं यंत्र घ्यावं आणि हळू चालवावं. दुकानात यंत्र लावून दाखवायला सांगा, नुसता मधला वेग ऐका, डोळे मिटून ऐका. आम्ही सीताबर्डीत हे केलं, पण दुकानातल्या गोंगाटात किरकिर ऐकू येत नाही. शक्य असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा.

ऑटो मोडबद्दलही सांगते. रात्री तो आम्ही वापरत नाही. यंत्राचा सेन्सर यंत्रापाशीच असतो, त्याच्या आजूबाजूची हवा आधी स्वच्छ होते, मग तो पंखा हळू करतो. पलंगापाशी मात्र आकडा अजून वरच असतो. झोपायच्या आधी अर्धा तास पूर्ण वेग, बाबा टीव्हीपुढे असतात तेव्हा, आणि ते आले की दुसरा वेग. यंत्र भिंतीपासून फूटभर पुढे, पडद्याआड नाही, वाऱ्याचा झोत तोंडावर येणार नाही असं. मोठ्यातला आयनायझर बटणाने बंद होतो, तो बंदच आहे. छोट्याचा निळा दिवा काही केल्या विझत नव्हता, त्यावर काळी चिकटपट्टी लावली. वासाबद्दल फार आशा ठेवू नका. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाकडून जळका वास येतो तेव्हा आकडा खाली जातो पण वास राहतो. एवढ्याशा यंत्रात वास शोषणारा कोळशाचा थर अगदी पातळ असतो.

विजेची काळजी मला होती ती फोल ठरली. मोठा दुसऱ्या वेगावर साधारण २० वॅट घेतो. रोज दहा तास धरले तरी महिन्याला सहा युनिट, दहा रुपये युनिट धरलं तर साठ रुपये. खर्च खरा फिल्टरचा. छोट्याचा १,२९९, मोठ्याचा २,१९९. घ्यायच्या आधीच फिल्टर बाजारात मिळतो का आणि केवढ्याला, हे बघा. यंत्र स्वस्त आणि फिल्टर महाग, किंवा फिल्टर मिळतच नाही, असंही असतं. यंत्रातला ‘फिल्टर बदला’ दिवा बहुधा तास मोजून लागतो, मळ बघून नाही. आमच्याकडे रोडच्या कामामुळे बाहेरची जाळी, प्रीफिल्टर, दोन आठवड्यांतच भरली. बोटाने पुसली तर राखेसारखी मऊ करडी पूड निघाली, आणि खाली मुलीच्या केसांचा गुंता. दर रविवारी ती जाळी अंगणात नेऊन ब्रशने झाडतो, तोंडाला मास्क लावून. आतला हेपा कधी पाण्याने धुवायचा नाही, कागदासारखी घडी असते ती, भिजली की संपली.

छोटा मुलीच्या खोलीत गेला. आठ बाय दहा बाय दहा म्हणजे साधारण २३ घनमीटर, पाच वेळा म्हणजे ११५. तिथे त्याचा १२० बसतो. ती जेवायला येते तेव्हा पूर्ण वेग, अभ्यासाला बसली की मधला. सकाळच्या शिंका कमी झाल्या. तिच्या उशीचे अभ्रे आता आठवड्याला गरम पाण्यात धुतो, त्याचाही वाटा असणार.

बाबांचं सांगायचं तर जानेवारीच्या मध्यापासून ते सलग झोपू लागले. १४ तारखेला संक्रांतीला गच्चीवर जाऊन नातवंडांच्या पतंगांना ढील कशी द्यायची ते सांगत तासभर उभे होते. ६ मार्चला पुन्हा पीएफटी झाली. फुंकरीचा आकडा जवळपास तोच होता. डॉक्टर म्हणाले, सीओपीडीत तो खाली गेला नाही हेच चांगलं. रात्रीचा खोकला कमी झाला तो पंपाने, धूप-मच्छर अगरबत्ती गेल्याने की यंत्राने, हे वेगळं काढता येणार नाही, तिन्ही चालू ठेवा. मला हे उत्तर आवडलं.

मार्च संपता संपता आपल्या नागपुरात कूलर लागतात आणि इथे प्युरिफायरचं काम थांबतं. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तासाला हजारो घनमीटर. त्याच खोलीत २३० घनमीटरचं यंत्र लावून वीज जाळण्यात अर्थ नाही. एसी असलेल्या बंद खोलीत उन्हाळ्यातही चालवता येईल. आमच्याकडे बाबांना वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच हवा असतो. त्यामुळे कूलर लावल्या दिवशी दोन्ही यंत्रं पुसली, प्रीफिल्टर झाडले, हेपा काढून दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवले, कारण कूलरच्या दमटपणात ते तसेच राहिले तर त्यांना कुबट वास धरतो. पिशवीवर किती महिने वापरला ते मार्करने लिहिलं. नवे फिल्टर सप्टेंबरातच मागवणार आहोत. दिवाळीच्या तोंडावर उत्तरेतल्या शहरांची मागणी सुरू होते आणि तेव्हा फिल्टर वेळेवर मिळेलच असं नसतं.